मीराबेन : मातीच्या भिंती उभारणारी विलायती कन्या

गोंदिया जिल्ह्यातील जुन्या गावांमध्ये मातीच्या जाड भिंती आणि कवेलूंची छपरे असलेली घरे आजही तग धरून आहेत. धानाचे तणस आणि कोंडा मिसळून तुडवलेली माती, बांबूचा कूड, त्यावर शेणमातीचे सारवण, अशी ही बांधणी. भर उन्हाळ्यात अशा घरात पाऊल टाकताच जाणवणारा गारवा पूर्व विदर्भाला नवा नाही. या साध्या बांधणीला साऱ्या जगात प्रतिष्ठा मिळवून देणारी वास्तू मात्र वर्धा जिल्ह्यात उभी राहिली. सेवाग्रामची बापूकुटी म्हणून ती ओळखली जाते. ती घडवणारे हात एका इंग्रज आरमारी अधिकाऱ्याच्या कन्येचे होते, याची आठवण फारशी कोणाला राहिलेली नाही.

मॅडेलिन स्लेड यांचा जन्म 22 नोव्हेंबर 1892 रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडील सर एडमंड स्लेड ब्रिटिश आरमारात उच्चपदस्थ होते. त्यांच्या नेमणुकीच्या निमित्ताने तरुण मॅडेलिन काही काळ मुंबईत राहिल्याही होत्या. पण तेव्हाचा त्यांचा हिंदुस्थान मेजवान्या आणि समारंभांपुरताच होता. बीथोव्हेनच्या संगीताचे त्यांना विलक्षण वेड. त्या ओढीनेच त्या फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ यांच्यापर्यंत पोहोचल्या आणि त्यांच्याकडून गांधीजींविषयी कळल्यावर आयुष्याची दिशाच पालटली. वर्षभर सूतकताई, शाकाहार आणि जमिनीवर बसण्या-झोपण्याचा सराव करून 7 नोव्हेंबर 1925 रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्या साबरमती आश्रमात दाखल झाल्या. गांधीजींनी त्यांना मीरा हे नाव दिले.

सविनय कायदेभंग, तुरुंगवास, गोलमेज परिषदेचा प्रवास या साऱ्यात त्या सोबत होत्या. मात्र गांधीजींच्या सहवासाची त्यांची ओढ हाच दोघांमधील ताणाचाही विषय होता. सेवा व्यक्तीची नव्हे, तर कार्याची हवी, असा गांधीजींचा आग्रह. 1934 नंतर ग्रामोद्योगाचे काम वर्ध्याला सुरू झाले, तेव्हा मीराबेन जवळच्या सिंदी गावात सफाईच्या कामाला लागल्या. पुढे त्या सेगावला गेल्या. जमनालाल बजाज यांच्या मालगुजारीतील हे गाव रोगराई आणि अस्पृश्यतेने ग्रासलेले होते.

30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी सेगावला आले. त्यांच्यासाठी पहिले निवासस्थान बांधण्याची जबाबदारी मीराबेन यांनी उचलली. खर्च शंभर रुपयांच्या मर्यादेत राहावा, साहित्य आणि कारागीर जवळपासचेच असावेत, अशी अपेक्षा होती. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांतून आदिनिवास उभा राहिला. स्वतः राहण्यासाठी आणि गावकऱ्यांना पिंजण-कताई शिकवण्यासाठी मीराबेन यांनी त्याच पद्धतीने आणखी एक कुटी बांधली. तिच्या भिंतींवर त्यांनी मातीतूनच ताडाची झाडे आणि ॐ उठावात कोरले. पुढे गांधीजी या कुटीत राहायला आले आणि ती बापूकुटी झाली. जे घर त्यांनी स्वतःसाठी उभारले होते, तेच त्यांना सोडावे लागले. 1940 मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले.

या बांधणीमागे भाबडेपणा नव्हता. जाड मातीची भिंत दिवसाची उष्णता हळूहळू शोषते आणि ती आत पोहोचेपर्यंत सूर्य कललेला असतो. मातीतील तणस आणि कोंड्यामुळे हवेच्या बारीक पोकळ्या तयार होतात. त्या उष्णतेला अडवतात. पावसाळ्यात भिंत दमटपणा शोषून घेते आणि कोरड्या हवेत तो सोडून देते. शेणमातीचे सारवण किंवा चुन्याचा गिलावा ही देवघेव थांबवत नाही. मात्र मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडली जाते. गिलावा वरून धड दिसतो आणि आतली माती भुसभुशीत होत जाते. जुने घर पक्के करण्याच्या हौसेत अनेक भिंती अशाच खचतात. अर्थात, मातीच्या घराला दरवर्षीची डागडुजी, उंच जोते आणि पावसापासून भिंत राखणारे रुंद छप्पर लागतेच.

1942 च्या आंदोलनात मीराबेन गांधीजींबरोबर पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होत्या. महादेवभाई आणि कस्तुरबा यांचे मृत्यू त्यांनी तेथेच पाहिले. सुटकेनंतर त्या हिमालयाच्या पायथ्याकडे वळल्या. डोंगरावरची बांज वृक्षांची जंगले हटून चीड पसरतो आहे, त्यामुळे जमिनीत पाणी मुरत नाही आणि पूर वाढतात, हा इशारा त्यांनी 1950 च्या दशकाच्या प्रारंभीच दिला. जेथले झाड तेथेच शोभते आणि जेथली माती तेथल्याच घराला मानवते, हे सूत्र त्यांच्या दोन्ही कामांत होते. सरकारी यंत्रणेने त्या इशाऱ्याची फारशी दखल घेतली नाही.

1959 मध्ये त्यांनी भारत सोडला आणि ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ, बीथोव्हेनच्या परिसरात, उर्वरित आयुष्य घालवले. भारत सरकारने अखेरच्या काळात त्यांना पद्मविभूषण देऊन गौरवले. 20 जुलै 1982 रोजी त्यांचे निधन झाले. सेवाग्रामच्या कुटीवर नाव बापूंचे आहे. भिंतीवरच्या ताडाच्या झाडांवर मात्र मीराबेन यांच्या बोटांची खूण आहे, आणि लिंपण-सारवणाचा क्रम चालू आहे तोवर ती टिकणार आहे.