ताराबाई मोडक : अंगणात शाळा नेणारी बाई



स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचं चरित्र लिहून दे, असं समितीने कळवलं. माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं आणि नोकरी सॉफ्टवेअरची, त्यामुळे मी एखाद्या शास्त्रज्ञावर लिहीन असं बऱ्याच जणांना वाटलं असणार. पण आपल्या वर्गातल्या काही जणी आज अंगणवाडी चालवतात आणि बाकीच्यांपैकी पुष्कळांच्या घरी बालवाडीच्या वयाची मुलं किंवा भाचरं आहेत. म्हणून मी ताराबाई मोडक यांच्यावर लिहायचं ठरवलं. ‘अंगणवाडी’ हा शब्द आपण रोज वापरतो. त्याच्यामागची बाई मात्र फारशा जणांना ठाऊक नाही.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे, त्यामुळे घर सुधारकी होतं आणि मुलींच्या शिक्षणाला तिथे आडकाठी नव्हती. 1914 साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात पदवी घेतलेल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी लग्न झालं, पण संसार टिकला नाही. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळं होऊन, लहान मुलीला घेऊन स्वतःच्या पायावर उभं राहणं काय असेल, याची कल्पना आपल्याला आजही करता येते. त्यांनी गुजरातेत राजकोटला महिला अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्यपदाची नोकरी धरली. पगार आणि मान दोन्ही चांगले होते.

ती नोकरी सोडून 1923 साली त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं वाढवावं या विचारात मादाम माँटेसरींचं लेखन हाती आलं आणि त्यांनी वकिली सोडली. दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी 1920 साली बालमंदिर काढलं होतं. ताराबाई तिथे नऊ वर्षं राहिल्या, गुजराती शिकल्या, त्या भाषेत लिहू लागल्या. 1926 साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ‘शिक्षणपत्रिका’ हे त्यांचं मासिक आधी गुजरातीत आणि नंतर मराठीतही निघालं.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण मला ती फार महत्त्वाची वाटते. माँटेसरींची पद्धत म्हणजे ठरावीक मापाची साधनं: लाकडी ठोकळे, दट्ट्या, रंगाच्या पाट्या. मूल ती आपल्या गतीने हाताळतं आणि त्याची चूक ते साधनच त्याला दाखवतं. शिस्तीची, विचारपूर्वक बांधलेली पद्धत आहे ती; इंजिनिअरला आवडावी अशीच. पण परीकथा, राक्षस, बोलणारे प्राणी असल्या कल्पनेच्या खेळाकडे माँटेसरी जरा संशयाने पाहत. लहान मुलाला आधी खरं जग द्यावं, असं त्यांचं म्हणणं. गिजुभाई आणि ताराबाईंनी साधनं घेतली, पण हे बंधन घेतलं नाही. त्यांच्या बालमंदिरात गोष्टी होत्या, गाणी होती, नाटकं होती, मातीकाम होतं. मुलाला आत जे वाटतं ते बाहेर काढायला वाट हवी आणि ती वाट खेळातून जाते, हे त्यांनी मुलांकडे पाहून ठरवलं. पुस्तकात काय लिहिलंय, यावर अडून बसले नाहीत.

मुंबईला परतल्यावर ताराबाईंनी 1936 साली दादरला शिशुविहार सुरू केलं. शहरातल्या शिकलेल्या घरांतली मुलं तिथे येऊ लागली, शिक्षिका तयार होऊ लागल्या. 1939 साली गिजुभाई गेले. ताराबाई तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या, म्हणजे साधारण आपल्याच वयाच्या होत्या. दादरला सगळं नीट चाललं होतं. त्या तिथेच राहिल्या असत्या तरी त्यांचं नाव राहिलंच असतं.

1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या डहाणूजवळच्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. सोबत अनुताई वाघ होत्या. अनुताई बालविधवा, वयाने अठरा वर्षांनी लहान. दोघींची सोबत ताराबाईंच्या अखेरपर्यंत टिकली.

खेड्यात पहिली अडचण साधनांची. माँटेसरीचा संच महाग, गावच्या बालवाडीला परवडणारा नव्हता. मग शिंपले, गारगोट्या, बिया, पानं, माती, बांबूच्या कांड्या, जे आवारात मिळेल ते साधन झालं. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे सगळं शिंपल्यांतही असतं. आपल्या गंगापूरकडे आपण ज्वारीच्या धाटांची बैलगाडी करायचो, पोळ्याला चिकणमातीचे बैल करायचो, चिंचोक्यांनी खेळायचो. त्याला कोणी शिक्षण म्हटलं नाही. ताराबाईंनी म्हटलं असतं.

दुसरी अडचण मोठी होती. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येतच नव्हती. आईबाप मजुरीला, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी, भाऊ गुरांमागे. मुलं येत नाहीत म्हणून पालकांना दोष देणं सोपं होतं. ताराबाईंनी शाळाच पाड्यावर नेली. कुणाच्या तरी अंगणात बसायचं, मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. ही अंगणातली बालवाडी, आणि अंगणवाडी हा शब्द तिथला. 1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली, म्हणजे धाकट्याला पाळणाघरात सोडून ताईला शेजारच्या वर्गात बसता येईल. या रचनेला विकासवाडी म्हणत. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा होती: गुरं चरतात तिथेच शिक्षक जायचे. इतका साधा उपाय सुचायला त्या मुलीची अडचण तिच्या घरी बसून पाहावी लागते. आमच्या क्षेत्रात वापरणाऱ्याला न भेटताच किती वस्तू बनतात, ते मी रोज पाहते.

1962 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या गेल्या. कोसबाडचं काम अनुताईंनी 1992 पर्यंत, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, चालवलं.

ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. पोषण आहार, लसीकरण, वजन नोंदणी आली. ते फार मोठं काम आहे, आपल्या मैत्रिणी ते थोड्या मानधनात करतात. पण रजिस्टरं भरण्यात त्यांचा दिवस जातो आणि गाणी-गोष्टींना वेळ उरत नाही, हे त्याच सांगतात. दुसरीकडे पैसे भरून जायच्या नर्सरीत तीन वर्षांच्या मुलाला शंभरपर्यंत आकडे गिरवायचा गृहपाठ असतो. चित्राची रेघ ठरलेली, रंगही ठरलेला. मुलाने निळा आंबा काढला की त्यावर फुली. तो निळा का, हे कोणी विचारत नाही. हे मी दोष द्यायला लिहीत नाही. आईबापांना भीती असते की पोरगं मागे पडेल, आणि ती भीती मलाही कळते. पण पाटी हातात घेण्याआधी मुलाला पुष्कळ काही सांगायचं असतं, आणि ते ऐकून घेण्यात ताराबाईंनी पन्नास वर्षं घातली.

मेळाव्याला बरेच जण मुलंबाळं घेऊन येणार आहेत. भाषणं चालतील तेव्हा लहानग्यांना खुर्च्यांवर बसवून ठेवू नये, अशी विनंती मी समितीला केली आहे. शाळेच्या आवारात निंबाखाली दोन घमेली चिकणमाती भिजवून ठेवू. चिंचोके, काड्या आणि धाटं ज्यांच्या शेतात असतील त्यांनी आणावीत. कपडे मळतील, तेव्हा एक जोड जास्तीचा असू द्या.