डॉ. हार्वी कुशिंग : मेंदूच्या शस्त्रक्रियेचे गुरू

ऑपरेशनच्या वेळी रुग्णाची नाडी नि रक्तदाब चार्टवर लिहिताना आम्हा परिचारिकांना हे काम फार जुने वाटे. त्याची सुरुवात एका मृत्यूपासून झाली.

डॉ. कुशिंग यांचा जन्म १८६९ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे झाला. हार्वर्डला शिकत असताना त्यांनी ईथर दिलेला एक रुग्ण दगावला. हे त्यांच्या मनाला फार लागले. मग १८९४ साली सहाध्यायी कॉडमन यांच्यासह त्यांनी भूल देताना नाडी व श्वास नोंदविण्याचा तक्ता सुरू केला. १९०१ साली इटलीतील पाविया येथे रिव्हा-रोची यांचे रक्तदाब मोजण्याचे साधन पाहून ते बाल्टिमोरला आणले.

त्या काळी मेंदूतील गाठ काढताना बहुतेक रुग्ण दगावत. कुशिंग यांनी रक्तस्राव रोखण्यासाठी १९११ साली चांदीच्या क्लिपा आणि १९२६ साली बोव्ही यांचे विजेचे यंत्र वापरले. १९३१ साली त्यांनी दोन हजारावी गाठ काढली. मृत्यूंचे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास उतरले होते.

बोस्टनमध्ये शिकून गेलेल्या नॉर्मन डॉट व ह्यू केर्न्स यांनी ही विद्या ब्रिटनमध्ये रुजविली. १९३९ साली कुशिंग वारले. चार्टवरची प्रत्येक नोंद म्हणजे रुग्णाच्या जीवाची राखण, हा त्यांचा धडा आम्ही आयुष्यभर गिरवला.