चापावरचे बोट

बँकेत असताना कर्जवसुलीच्या निमित्ताने भूगाव-पौड रस्त्यावर माझ्या बऱ्याच खेपा झाल्या. आमच्या शाखेचा रखवालदार निवृत्त फौजी होता. रोज सकाळी बंदुकीची नळी जमिनीकडे वळवून ती रिकामी आहे ना, हे तो दोनदा पाहायचा. कमरेचे पिस्तूल बाहेर काढतानाही नळी आपल्या अंगावरून फिरता कामा नये आणि बोट चापावर जायचे ते अगदी शेवटी, हे त्याने मला सांगितले होते. नोकरीत एकही गोळी झाडावी लागली नाही, याचा त्याला मोठा अभिमान. त्याचे बोलणे ऐकताना मला याच मुळशीत लढलेले सेनापती बापट आठवत.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला झाला. घर गरिबीचे, पण मुलगा हुशार. डेक्कन कॉलेजात असतानाच त्यांनी तलवारीवर हात ठेवून देशासाठी आयुष्य वाहण्याची शपथ घेतली. १९०४ साली शिष्यवृत्तीवर ते एडिंबरोला यंत्रविद्या शिकायला गेले आणि तिथे एका रायफल क्लबात नेमबाजीही शिकले. ब्रिटिश राज्याच्या अन्यायावर जाहीर निबंध वाचला म्हणून शिष्यवृत्ती बंद झाली. मग पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून त्यांनी बाँबची विद्या मिळवली आणि १९०८ साली ते मायदेशी परतले.

आता स्फोट होणार, असे कुणालाही वाटले असते. पण अलीपूर खटल्यात त्यांचे नाव फुटले आणि त्यांना भूमिगत व्हावे लागले. १९१२ साली अटक झाली, पुढे सुटका. त्यानंतर पारनेरच्या लोकांना दिसले ते हातात झाडू घेऊन पहाटे गावचे रस्ते झाडणारे बापट. बाँबची विद्या हाती असलेला माणूस गावाची घाण काढत होता, आणि त्यात त्याला काहीच कमीपणा वाटत नव्हता.

टाटांच्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातली पन्नासावर गावे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. या लढ्यात बापट 'सेनापती' झाले. कामावर जाऊन बसायचे, मार खायचा, तुरुंगात जायचे, असे तीन वर्षे चालले. एकेक जमीनमालक मोबदला घेऊन बाजूला झाला आणि लढा विझत आला.

डिसेंबर १९२४ मध्ये बापट आणि मोजके साथीदार तलवारी व पिस्तूल घेऊन निघाले. रुळांवर दगड रचून त्यांनी धरणाच्या कामाची आगगाडी अडवली. सोळा वर्षे आवरून धरलेले बोट त्या दिवशी चापावर गेले. काही माणसे जखमी झाली. कोणी दगावले नाही. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली.

हे योग्य झाले का? मला अजून नीट उत्तर सापडलेले नाही. जखमी झाले ते पोटासाठी राबणारे लोक, धरणाचे मालक नव्हेत. गावेही वाचली नाहीत. नि:शस्त्र मार खाऊन मावळ्यांनी मिळवलेली सहानुभूतीही त्या दिवशी बरीच ओसरली. पण जीव घ्यायचा नाही ही मर्यादा त्यांनी पाळली आणि केल्या कृत्याची पुरी किंमत स्वतः मोजली, हेही खरे.

१९३१ साली ते सुटले. स्वातंत्र्याच्या दिवशी पुण्यात त्यांच्या हस्ते तिरंगा फडकला. पुढे गोवामुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत हा म्हातारा पुढेच होता, पण नि:शस्त्र. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी ते गेले.

आज पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. रविवारी भूगाववरून मुलाबाळांना घेऊन धरण पाहायला जाल, तेव्हा त्या पाण्याखाली कोणाची शेते आहेत ते मुलांना सांगा, आणि त्या शेतांसाठी सात वर्षे कोठडीत बसलेल्या माणसाबद्दलही सांगा.