संत जोसेफ वाझ आणि याजकपणाचा करार

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी देवळाच्या भिंती, घंटा आणि वेदी यांचा इतिहास मोठ्या आवडीने सांगितला जातो. परंतु ज्याच्यावाचून वेदी ही केवळ शिळा होऊन राहते, त्या याजकपणाचा विचार अशा समयी सहसा होत नाही. माण व हिंजवडीच्या या भागात पोटापाण्यासाठी निरनिराळ्या गावांहून येऊन स्थिरावलेल्या आम्हां ख्रिस्ती कुटुंबांना तर हा विचार विशेष अगत्याचा आहे. म्हणून ज्या गोमंतकीय धर्मगुरूंनी याजकपणाच्या कराराचा अर्थ आपल्या आयुष्याने उलगडून दाखविला, त्या संत जोसेफ वाझ यांचे चरित्र वाचकांपुढे थोडक्यात ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हा करार म्हणजे काय ते पाहू. सीनायच्या रानात देवाने इस्राएलाच्या बारा वंशांतून लेवीचा वंश आपल्या सेवेसाठी वेगळा काढिला, आणि त्यातही अहरोन व त्याचे पुत्र यांस वेदीचा अधिकार दिला. पुढे अहरोनाचा नातू फीनहास याच्याशी देवाने शांतीचा करार करून याजकपण त्याच्या संततीकडे निरंतर राहील असे वचन दिले. मात्र या मानाबरोबर एक विलक्षण अट होती. कनान देशाची वाटणी झाली तेव्हा इतर वंशांस जमिनी मिळाल्या. लेवी वंशाला राहण्यापुरती अठ्ठेचाळीस नगरे मिळाली, परंतु वतनाचा प्रांत मिळाला नाही. त्यांचे वतन प्रत्यक्ष देव होता. महायाजकाच्या उरपटावर बारा रत्ने बसविलेली असत व त्यांवर बारा वंशांची नावे कोरलेली असत. साऱ्या लोकांस हृदयावर वाहून त्याने देवापुढे जावे, हा त्याचा अर्थ. हा करार याजकांनीच मोडला, अशी तक्रार मलाखी संदेष्ट्याला पुढे करावी लागली.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात या विषयाचा कळस आहे. प्रभु येशू लेवीच्या वंशातला नव्हे, यहूदाच्या वंशातला; त्याचे याजकपण मलकीसदेकाच्या परंपरेचे. ज्या मलकीसदेकाच्या कुळाची व आईबापांची नोंद पवित्र शास्त्रात कोठेच नाही, त्याच्या नावाने नवे याजकपण ओळखले जावे, यात मोठा बोध आहे. नव्या करारात याजकपण रक्ताने उतरत नाही; पाचारणाने व अभिषेकाने मिळते.

हा बोध सतराव्या शतकातील गोव्यास पचला नव्हता. पोर्तुगीज अमलाखाली एतद्देशीय ख्रिस्ती माणसाला धर्मगुरूची दीक्षा मिळे, परंतु युरोपीय संन्यासी संघांची दारे त्याला बहुधा बंदच असत. उलट एतद्देशीय ख्रिस्ती समाजानेही जुना ज्ञातीचा अभिमान टाकिला नव्हता. दोन्हीकडे रक्ताचाच हिशेब चालू होता. अशा काळी, २१ एप्रिल १६५१ रोजी, बाणावली येथे आजोळी जोसेफ वाझ यांचा जन्म झाला. वडील ख्रिस्तोव्हाव वाझ सांकवाळचे. आई मारिया दे मिरांदा. घराणे ब्राह्मण ज्ञातीतून ख्रिस्ती झालेले व प्रतिष्ठित होते.

सांकवाळ व बाणावली येथे पोर्तुगीज व लॅटिन शिकून, पुढे गोवा शहरातील विद्यालयांत तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र यांचा अभ्यास करून ते १६७६ साली धर्मगुरू झाले. दीक्षेनंतर त्यांनी पायातली पादत्राणे टाकली व गरिबांप्रमाणे अनवाणी चालू लागले. ५ ऑगस्ट १६७७ रोजी सांकवाळच्या देवळात त्यांनी स्वतःला देवमाता मारियेचा दास म्हणून लेखी वाहून घेतले. कुलीन घराण्यातल्या तरुण याजकाने आपणहून दास म्हणवून घ्यावे, ही गोष्ट त्या काळच्या गोव्यात लहान नव्हती.

१६८१ ते १६८४ या काळात ते कानडा प्रांतात होते. तेथे पोर्तुगीज राजाच्या आश्रयाखालील धर्माधिकारी आणि रोमहून नेमलेले धर्माधिकारी यांच्यात अधिकाराचा कलह माजला होता, व भाविक मधल्यामध्ये भरडले जात होते. जोसेफ वाझ यांनी शक्य तेथे समेट केला, गावोगाव हिंडून साक्रामेंते दिली, देवळे व शाळा उभारल्या. गोव्यास परतल्यावर, २५ सप्टेंबर १६८५ रोजी, ते जुन्या गोव्यातील मिलाग्रिस खुरिसाच्या देवळात एकत्र राहणाऱ्या एतद्देशीय धर्मगुरूंच्या लहानशा मंडळीत सामील झाले. संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीच्या धर्तीवर त्यांनी तिला नियम व शिस्त दिली. १७०६ साली रोमने या संघाच्या नियमांस मान्यता दिली. सत्यासाठी हेही सांगितले पाहिजे की, या संघाचे दार दीर्घकाळ एकाच ज्ञातीच्या लोकांस उघडे राहिले. युरोपीयांनी लावलेली भिंत ज्यांना सलली, त्यांनी आपल्या बांधवांसाठी दुसरी भिंत ठेविली. मलकीसदेकाचा धडा शिकणे किती कठीण असते, हे यावरून दिसते.

परंतु या सत्पुरुषाचे लक्ष समुद्रापलीकडे लागले होते. डच लोकांनी १६५६ साली कोलंबो व १६५८ साली जाफना जिंकून लंकेतील कॅथलिक धर्मगुरूंना हद्दपार केले होते. जवळजवळ तीस वर्षे तेथील भाविकांस मिस्साबलिदान नव्हते व पापनिवेदनाची सोय नव्हती. ज्यांना याजक उरला नाही अशा लोकांचे नाव उरावर कोणी वाहायचे, हा प्रश्न जोसेफ वाझ यांना स्वस्थ बसू देईना. १६८६ साली ते गोव्याहून निघाले आणि जुआंव नावाच्या एकनिष्ठ सेवकासह १६८७ साली मजुराच्या वेषात जाफन्यास उतरले. वाटेतल्या हालांनी ते आजारी पडले. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत फिरले. हेतू इतकाच की, जपमाळ पाहून ज्याचे डोळे ओलावतील तो आपला ख्रिस्ती बंधू म्हणून ओळखू यावा. त्या बंधूंनी तीस वर्षे याजकाविना श्रद्धा राखिली होती. कराराची लोकांकडची बाजू त्यांनी पाळली होती. आता याजक आपली बाजू पाळण्यास आला.

दिवसा लपावे व रात्री मिस्सा करावी, असा क्रम सुरू झाला. डचांचा पाठलाग वाढला तेव्हा ते पुत्तलमला गेले, व तेथून १६९२ साली कांडीच्या राज्यात शिरले. तेथे ते पोर्तुगीजांचे हेर आहेत असा आळ एका फ्रेंच प्रॉटेस्टंट गृहस्थाने घेतला, व त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. तुरुंगात ते सिंहली भाषा शिकले व पुढे तेथेच लहानसे प्रार्थनास्थान उभारले. पुढे अवर्षण पडले असता त्यांच्या प्रार्थनेनंतर पाऊस झाला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने त्यांना धर्मकार्याची मोकळीक दिली, ही या राजाच्या उदारतेची साक्ष होय.

१६९७ साली कांडीत देवीची भयंकर साथ आली. लोक आपल्या आजारी माणसांस रानात टाकून पळू लागले. जोसेफ वाझ यांनी, संघातील आपले आप्त जोसेफ द कार्व्हाल्हो यांच्यासह, त्या टाकलेल्यांची शुश्रूषा केली. ख्रिस्ती वा बौद्ध असा भेद न करता त्यांना अन्न दिले, त्यांच्या जखमा धुतल्या, मृतांस पुरले. येथे आम्हांस रानातील अहरोनाची आठवण होते. इस्राएलात मरी पसरली तेव्हा धुपाटणे घेऊन तो धावत गेला आणि मेलेले व जिवंत यांच्या मध्ये उभा राहिला. याजकाची जागा तीच. लेवीच्या रक्ताचा एक थेंबही ज्याच्या अंगी नव्हता, तो गोमंतकीय याजक त्याच जागी उभा होता.

पुढे गोव्याहून आणखी सहकारी आले. त्यांपैकी १७०५ साली आलेले जाकोम गोन्साल्विस यांनी सिंहली व तामिळ भाषांत विपुल धर्मग्रंथ लिहिले. जोसेफ वाझ यांच्यापुढे बिशपपदाची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी ती नाकारली. १६ जानेवारी १७११ रोजी कांडी येथे ते देवाघरी गेले. तेवीस-चोवीस वर्षांत ते मायदेशी परतले नाहीत. लेवीप्रमाणे त्यांनी जमीन मागितली नाही, आणि त्यांचे वतन त्यांना पुरले. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित, व १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संत म्हणून घोषित केले. दोन्ही विधी कोलंबोतच झाले.

वाचकहो, या चरित्रातून आपल्या धर्मग्रामास काय घ्यावयाचे? धर्मगुरू कोणत्या गावचा, कोणत्या ज्ञातीचा, कोणत्या भाषेचा, ही विचारपूस आपल्यातही अजून कानावर येते. ती करणारा जुन्या कराराच्याही मागे जातो. त्या करारातसुद्धा कुळाबरोबर त्याग मागितला होता. आपण त्याऐवजी त्याने आपली नावे हृदयावर कोरली आहेत काय हे पाहावे, आणि आपणही त्याचे नाव आपल्या प्रार्थनेत ठेवावे. आपल्या घरांतील मुलांपैकी एखाद्यास हे पाचारण ऐकू आले, तर आईबापांनी त्याची वाट अडवू नये. जुआंवसारखे सोबती व जाफन्यातील गुप्त ख्रिस्तींसारखे भाविक असले, म्हणजे याजकालाही बळ येते.

संत जोसेफ वाझ आमच्यासाठी व आमच्या धर्मगुरूंसाठी विनंती करोत.