लुई फाव्र

लुई फाव्र (२६ जानेवारी, १८२६ - १९ जुलै, १८७९) हे स्वित्झर्लंडमधील बांधकाम कंत्राटदार होते. आल्प्स पर्वताखालून जाणारा, सुमारे १५ किलोमीटर लांबीचा गोटहार्ड रेल्वे बोगदा खोदण्याचे काम त्यांनी हाती घेतले. मात्र तो आरपार झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

पूर्वायुष्य

जिनिव्हाजवळील शेन या गावी एका सुताराच्या घरी फाव्र यांचा जन्म झाला. सुतारकाम शिकून ते तरुणपणी फ्रान्सला गेले आणि तेथेच बांधकामाची कंत्राटे घेऊ लागले. त्यांचे शिक्षण मुख्यतः प्रत्यक्ष कामावरच झाले.

गोटहार्डचे कंत्राट

गोटहार्ड खिंडीतून इटलीकडे जाणारी वाट जुनी होती; पण हिवाळ्यात तेथील प्रवास बर्फातून घसरगाड्यांनी करावा लागे. आल्फ्रेड एशर यांच्या अध्यक्षतेखालील गोटहार्ड रेल्वे कंपनीने ७ ऑगस्ट, १८७२ रोजी फाव्र यांच्याशी करार केला. प्रतिस्पर्धी इटालियन कंपनीपेक्षा कमी रक्कम आणि कमी मुदत, अवघी आठ वर्षे, त्यांनी मान्य केली होती. विलंबाच्या प्रत्येक दिवसाला ५,००० फ्रँक आणि सहा महिन्यांनंतर १०,००० फ्रँक दंड ठरला. शिवाय ८० लाख फ्रँकची अनामत होती. इतका लांब बोगदा पूर्वी कधीही न खोदलेल्या माणसाने अशा अटी स्वीकाराव्यात, हे धाडस जितके तितकाच अविचारही होता.

खोदकाम

उत्तरेस ग्योशेनेन व दक्षिणेस आयरोलो अशा दोन्ही तोंडांनी काम चालले. नद्यांच्या पाण्यावर चालणारी यंत्रे हवा दाबून आत पाठवीत. त्या हवेवर खडक भेदणारी यंत्रे चालत, मग सुरुंगात डायनामाइट भरले जाई. आयरोलोच्या बाजूस पाण्याचे लोंढे फुटले, तर अँडरमॅटखालील ठिसूळ खडकाने दगडी अस्तर चिरडले. आतली उष्णता ३० अंशांच्या वर गेली. मजूर बहुतांशी इटालियन होते. जुलै १८७५ मध्ये ग्योशेनेन येथे त्यांनी संप केला असता गोळीबार होऊन चौघे मरण पावले. बांधकामकाळात अपघातांत सुमारे २०० जण दगावले. आतड्यांतील अंकुशकृमीने किती खंगले, याची मोजदाद त्यांत नाही. दंडाच्या भीतीने लादलेल्या घाईचा भार या मजुरांवरच पडला, हे फाव्र यांच्या कर्तृत्वाविषयी लिहिताना वगळता येत नाही.

मृत्यू आणि नंतर

१९ जुलै, १८७९ रोजी बोगद्याची पाहणी करीत असताना फाव्र आतच कोसळले आणि मरण पावले. ते ५३ वर्षांचे होते. २९ फेब्रुवारी, १८८० रोजी दोन्ही बाजू एकमेकींस मिळाल्या, तेव्हा पहिल्या छिद्रातून त्यांचे छायाचित्र पलीकडे देण्यात आले. बाजूचा फरक केवळ ३३ सेंटिमीटर, तर उंचीचा ५ सेंटिमीटर होता. संपूर्ण मार्ग १ जून, १८८२ पासून वाहतुकीस खुला झाला. मुदत मात्र उलटली होती आणि त्याचा आर्थिक फटका फाव्र यांच्या वारसांना बसला.

शेन-बूर येथे फाव्र यांचे स्मारक आहे. मृत मजुरांसाठी शिल्पकार व्हिंचेन्झो व्हेला यांनी घडवलेले उत्थितशिल्प १९३२ मध्ये आयरोलो स्थानकाजवळ बसवण्यात आले.