पाखरांचा अभ्यासक : डॉ. सालिम अली

(द्वितीय वर्ष, कला)

आमचे गाव उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. थंडी पडू लागली की पाण्याच्या उथळ कडेला पांढऱ्या-गुलाबी रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. देवळामागच्या जुन्या वडावर वटवाघळे तर बारा महिने उलटी टांगलेली असतात. हे सारे मी लहानपणापासून बघत आले. पण बघणे वेगळे आणि अभ्यास करणे वेगळे, हे कॉलेजात येईपर्यंत मला ठाऊक नव्हते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. गेल्या वर्षी ग्रंथालयात डॉ. सालिम अलींचे चरित्र हाती आले आणि वाचता वाचता आमचा फुगवटा मला नव्याने दिसू लागला. म्हणून या अंकासाठी लिहायचे ठरल्यावर दुसरे नाव सुचलेच नाही.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. ते वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. खेतवाडीतल्या अमिरुद्दीन तय्यबजी या मामांनी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना वाढवले. एके दिवशी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा काय प्रकार, असे त्यांनी मामांना विचारले. मामांना सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तिथले सचिव मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे ओळखले आणि कपाटे उघडून त्या मुलाला पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. ही गोष्ट १९०८ सालची. एका मुलाच्या प्रश्नाला मोठ्या माणसाने वेळ दिला आणि त्यातून भारतीय पक्षिशास्त्राला त्याचा सर्वांत मोठा अभ्यासक मिळाला!

मात्र हा मुलगा शाळा-कॉलेजात चमकणारा नव्हता. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. कॉलेजात मन रमेना म्हणून ते ब्रह्मदेशात तावॉय येथे घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेले. तिथे धंद्यापेक्षा रानातल्या पाखरांकडेच त्यांचे लक्ष अधिक. मुंबईस परतल्यावर ते व्यापारी शिक्षण घेऊ लागले आणि फादर ब्लॅटर यांच्या आग्रहामुळे त्याबरोबरच सेंट झेवियर्स कॉलेजात प्राणिशास्त्रही शिकले. परंतु रीतसर पदवी काही पदरात पडली नाही. प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही, ती याच कारणाने. पुढे १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक-व्याख्यात्याची नोकरी मिळाली. मग रजा घेऊन ते बर्लिनला प्रोफेसर स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० साली परत येऊन पाहतात तर पैशाच्या टंचाईपायी ती जागाच रद्द झालेली!

इथे माझ्या काही वर्गमित्रांना वाटेल की, झाले तर मग, पदवीवाचून माणसाचे अडत नाही. मला तसे वाटत नाही. पदवी नव्हती म्हणून सालिम अलींचे अडले होते, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी समुद्रापलीकडे जाऊन गुरू केला. शिवाय तय्यबजींसारखे नामांकित घराणे त्यांच्या पाठीशी होते. आपल्यासारख्यांच्या पाठीशी कोण असते? तेव्हा त्यांच्याकडून घ्यायचे ते निराळेच आहे.

ते काय, हे किहीमच्या हकिगतीवरून कळते. नोकरी गेल्यावर ते पत्नी तहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम गावी राहावयास गेले. तिथे झाडाला सुगरण पक्ष्यांचे खोपे लटकत होते. सालिम अली दिवसच्या दिवस त्यांच्यासमोर बसून राहिले आणि दिसेल ते टिपत गेले. त्यांना काय दिसले? घरटे विणतो तो नर. घरटे अर्धे झाले की माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला ते पसंत पडले तर ती तिथे संसार मांडते आणि नर ते घरटे पुरे करून दुसरे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! आपण या पाखराला सुगरण म्हणतो आणि सारी कारागिरी मादीच्या नावावर जमा करतो. पिढ्यान्‌पिढ्या खोपे पाहिले सर्वांनी, पण खात्री करून घेतली ती जवळ बसून पाहणाऱ्याने.

त्यानंतर हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांतून त्यांनी पक्ष्यांच्या पाहण्या केल्या. या भ्रमंतीत तहमिनाबाई बरोबर असत. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. तो घाव सोसून सालिम अलींनी काम चालूच ठेवले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे गाजलेले पुस्तक निघाले. कच्छच्या रणात चिखलाचे उंचवटे करून हजारो रोहित पक्षी अंडी घालतात, त्या वसाहतीचा अभ्यास त्यांनी उंटावरून जाऊन केला. रणात पावसाचे पाणी बेताचे साचले तरच ती वसाहत बसते. सारा खेळ पाण्याच्या खोलीचा! डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. १९८७ साली ते वारले.

पाखरांच्या या अभ्यासकाचे नाव एका वटवाघळालाही आहे, हे वाचून मला गंमत वाटली. आजच्या तमिळनाडूतील हाय वेव्ही डोंगरात १९४८ साली अँगस हटन या मळेवाल्याला एक फळखाऊ वटवाघूळ मिळाले. सोसायटीच्या संग्रहात ते एका नेहमीच्या जातीची चिठ्ठी लावून ठेवले गेले. पक्ष्याचा पंख पिसांचा आणि वटवाघळाचा पंख लांब बोटांमधल्या कातडीचा. दोघांनी उडण्याची विद्या वेगवेगळ्या वाटांनी कमावली आहे. त्यामुळे वटवाघळाचे कूळ ठरवायचे तर पिसांचे रंग कामाचे नाहीत, दात मोजावे लागतात, शेपूट पाहावी लागते. थायलंडचे किट्टी थोंगलोंग्या यांनी ते केले आणि १९७२ साली दाखवून दिले की हे वटवाघूळ निराळ्याच प्रजातीचे आहे. त्याला त्यांनी सालिम अलींचे नाव दिले. म्हणजे चोवीस वर्षे ते सोसायटीच्याच कपाटात चुकीच्या चिठ्ठीखाली पडून होते! १९९३ साली ते रानात पुन्हा जिवंत सापडले.

आता जी गोष्ट सांगायची ती मनाला लागणारी आहे. राजस्थानात भरतपूरजवळ केवलादेव घना नावाची पाणथळ जागा आहे. पूर्वी तिथे संस्थानिकांच्या शिकारी होत. १९३८ साली एकाच दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. स्वातंत्र्यानंतर ती जागा शेतीसाठी मोडण्याची मागणी झाली, तेव्हा सालिम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत शब्द टाकून ती वाचवली. पावसाळ्यात तिथल्या बाभळींवर चित्रबलाक, पाणकावळे आणि बगळे घरटी करतात, कारण तेव्हाच पिलांना भरवायला भरपूर मासळी असते. पुढे ते राष्ट्रीय उद्यान झाले. गुरांच्या चराईने पक्ष्यांचे नुकसान होते, ती बंद करावी, असे सालिम अलींचे मत होते. १९८२ साली बंदी आली. आजूबाजूच्या गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात माणसे मेली.

इथपर्यंतची हकिगत मी घरी आप्पांना सांगितली. आप्पांनी शाळा चौथीत सोडली, जन्म म्हशींमागे गेला. ते लगेच म्हणाले की, म्हशी काढल्या तर गवत माजेल आणि पाणी झाकून टाकील, मग पाखरे उतरणार कुठे? मी थक्कच झाले. कारण पुस्तकातले पुढचे पान मी अजून त्यांना सांगितलेच नव्हते. सोसायटीच्या अभ्यासकांनी १९८० ते १९९० अशी दहा वर्षे तिथे पाहणी केली. चराई थांबल्यावर पाण्यात गवत माजले, उघडे पाणी कमी झाले आणि पुष्कळ पाणपक्ष्यांची संख्या घटली, असे त्यांना आढळले. म्हशी चरत होत्या म्हणूनच गवत आटोक्यात होते.

हे वाचल्यावर काही दिवस सालिम अलींविषयी माझे मन कडवट झाले होते. गेलेली माणसे परत येत नाहीत. ती आमच्यासारख्यांच्याच घरची असतील, हा विचार डोक्यातून जाईना. पण मग ध्यानात आले की, त्यांचे मत चुकले हे दाखवणारी माणसे त्यांच्याच संस्थेची होती, आणि त्यांची रीतही किहीमचीच होती. जवळ बसायचे, मोजायचे, टिपायचे आणि जे दिसेल ते मान्य करायचे, मग ते गुरूच्या विरुद्ध का जाईना. आपल्याला चुकीचे ठरवू शकेल अशी रीत जो मागे ठेवून जातो, त्याला मी थोर म्हणेन. एवढेच वाटते की, १९८२ साली कोणी भरतपूरच्या गुराख्यांनाही आधी विचारायला हवे होते.

या हिवाळ्यापासून मी एक वही घातली आहे. रविवारी गावी गेले की तारीख, पाण्याची कड कुठवर आली, रोहित किती, बगळे किती, म्हशी किती, हे सारे लिहिते. मोजताना माझा आकडा चुकतो, तेव्हा आप्पा काठीने दाखवून दुरुस्त करतात. वहीत त्यांचा आकडा मी वेगळ्या रकान्यात लिहिते. कोणाचा बरोबर, हे पुढे कोणीतरी तपासून पाहीलच.