रविवारच्या सुटीआड झाकलेली मागणी

नारायण मेघाजी लोखंडे म्हटले की रविवारची सुटी आठवते. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांना ती मान्य करावी लागली. परंतु सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सभेतून निघालेल्या अर्जात आणखी एक कलम होते, ते आपण विसरलो. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार द्या, कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटाची सोय करा! सुमारे साडेपाच हजार कामगारांनी त्यावर सह्या केल्या होत्या.

१८४८ साली ठाण्यात जन्मलेले लोखंडे मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर होते. गिरणी त्यांनी आतून पाहिली होती. महात्मा फुल्यांच्या या सत्यशोधक अनुयायाने १८८० पासून 'दीनबंधू' चालविला. १८९० च्या मोठ्या सभेत त्यांनी कामगार स्त्रियांना बोलायला उभे केले, ही आमच्या मते सुटीइतकीच मोठी गोष्ट. यंत्राचा धोका यंत्रापाशी उभे राहणाऱ्याला आधी कळतो, त्याला विचारायचे कोणी? १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने त्यांचा बळी घेतला.

मुंबईच्या गिरण्यांना कापूस जाई तो आमच्या वऱ्हाडातूनही. अकोला, अमरावतीत जिन-प्रेस उभे राहिले. पण १८८१ चा कारखाना कायदा वर्षात चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या आणि शंभर माणसे असलेल्या कारखान्यांपुरताच होता. हंगामी, लहान जिनातल्या मजुराचा हात कायद्याच्या हिशेबातच नव्हता.

अपघातानंतरची भरपाई लोखंड्यांनी १८८४ साली मागितली. अपघाताआधी धोका ओळखायचे शिक्षण हा कामगाराचा हक्क म्हणून कायद्यात यायला १९८७ उजाडले. भोपाळमध्ये हजारो माणसे मेल्यावर कलम १११-अ आले! म्हणजे मध्ये एकशे तीन वर्षे.

आणि हे शिक्षण म्हणजे फाटकावर टांगलेला फलक नव्हे. चालू पट्ट्याजवळ पदर खोचूनच जायचे, रेचा बंद केल्याशिवाय अडकलेली रुई ओढायची नाही, हे पहिल्याच दिवशी यंत्रापाशी उभे करून, तिच्या बोलीत दाखवावे लागते. दिवाळीनंतर ठेकेदार बाया आणतो, हंगाम संपला की त्या पांगतात. कापसातला खडा किंवा लोखंडाचा तुकडा रेच्यात गेला तर ठिणगी पडून अख्खा ढीग पेटू शकतो, हे त्यांना कामावर घेताना कोणी सांगितले काय?